उसन्या जागेतले सरकार

ज्या सरकारच्या ताब्यात वीतभर भूमी नाही, ज्याच्याजवळ करवसुलीचे साधन नाही आणि ज्याचा हुकूम मोडणाऱ्यास अडविण्यासाठी साधी एक पोलीस चौकी नाही, त्याला सरकार का म्हणावयाचे, असा प्रश्न राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये अशी अनेक सरकारे आश्रयाला आली होती. पोलंड, नॉर्वे, हॉलंड यांची सरकारे देश सोडण्यापूर्वी त्या त्या देशाची रीतसर सरकारे होती. त्यांच्यामागे परंपरा होती, राजमुद्रा होती, परदेशी बँकांतील सोनेही होते. जनरल द गॉल यांच्याजवळ यांपैकी काही नव्हते आणि जनतेने दिलेला कौलही नव्हता. होता तो केवळ आत्मविश्वास. १९७१ साली कलकत्त्यात नऊ महिने चाललेले बांगलादेशाचे सरकार या दोन्ही प्रकारांहून निराळे होते. त्याच्यामागे निवडणुकीचा निर्विवाद कौल होता, परंतु देश अजून जन्मास यावयाचा होता. आणि ज्या नेत्याच्या नावाने तो कौल मिळाला, तो नेता शत्रूच्या तुरुंगात होता. या सरकारचे पंतप्रधान ताजुद्दीन अहमद यांचे चरित्र म्हणजे दुसऱ्याच्या नावाची सत्ता सांभाळून ती निमूटपणे परत करणाऱ्या एका विश्वस्ताची कथा आहे. विश्वस्ताला त्याचे मोल काय मिळाले, हा त्या कथेचा उत्तरार्ध.

ताजुद्दीन यांचा जन्म २३ जुलै १९२५ रोजी ढाक्याच्या उत्तरेस कापासिया भागातील दरदरिया या खेड्यात झाला. वडील मौलवी होते आणि मुलाचे पहिले शिक्षण घरातील धार्मिक वातावरणातच झाले. पुढे ढाक्यातील मिशनरी शाळा, ढाका विद्यापीठात अर्थशास्त्र आणि त्यानंतर कायदा, असा त्यांचा शिक्षणक्रम होता. परंतु राजकारणापायी त्यात वारंवार खंड पडला. विद्यार्थिदशेत ते मुस्लिम लीगचे कार्यकर्ते होते. पाकिस्तानच्या मागणीत पूर्व बंगालच्या गरीब कुळांची जमीनदार-सावकारांच्या पाशातून सुटका दिसणारा जो तरुणांचा गट लीगमध्ये होता, त्यात ते वावरत. पाकिस्तान झाले आणि अवघ्या काही महिन्यांत भाषेचा प्रश्न उभा राहिला. बहुसंख्यांच्या बंगालीला डावलून केवळ उर्दूला राष्ट्रभाषेचे स्थान देण्याचा आग्रह कराचीने धरला, तेव्हा या तरुणांचा भ्रमनिरास झाला. त्या काळात ताजुद्दीन रोजनिशी लिहीत. कोण भेटले, कोणती सभा झाली, किती वाजता झाली, पाऊस पडला की नाही, अशा कोरड्या नोंदींनी ती भरलेली आहे. भाषा आंदोलनाचा इतिहास लिहिताना बद्रुद्दीन उमर यांच्यासारख्या अभ्यासकाला याच नोंदींचा आधार घ्यावासा वाटला, यातच त्यांचे मोल आहे. भावनेने पेटलेल्या आंदोलनात वेळ आणि तारीख टिपून ठेवणारा हा तरुण पुढे कोणत्या जातीचा राज्यकर्ता होणार, याची चुणूक त्या रोजनिशीत दिसते.

१९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत संयुक्त आघाडीचे उमेदवार म्हणून ताजुद्दीन निवडून आले तेव्हा त्यांचे वय तीसही नव्हते. परंतु त्यांची खरी नेमणूक इतिहासाने केली ती १९६६ साली. त्या वर्षी फेब्रुवारीत लाहोर येथे शेख मुजिबुर रहमान यांनी सहा कलमी मागणी मांडली. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे ठेवून चलन, कर, परकीय चलनाची कमाई यांवर प्रांतांचा अधिकार असावा, असा त्या मागणीचा गाभा होता. पूर्व पाकिस्तानच्या तागावर मिळणारे परकीय चलन पश्चिमेकडील कारखान्यांत गुंतविले जाते, हे गाऱ्हाणे त्या कलमांमागे होते. मुजीब अवामी लीगचे अध्यक्ष झाले आणि सरचिटणीसपद ताजुद्दीन यांच्याकडे आले. एकाकडे वाणी आणि दुसऱ्याकडे लेखणी, अशी ही वाटणी होती. मुजीब व्यासपीठावर उभे राहिले की लक्षावधींचा समुदाय डोलू लागे. ताजुद्दीन मागे बसून ठरावाचा मसुदा, पत्रक, हिशेब आणि वेळापत्रक पाहत. मुजीब यांच्या भाषणापेक्षा बगलेत फाईल घेऊन मागे शांतपणे बसलेल्या या माणसाचे आपल्याला अधिक भय वाटते, असे भुट्टो म्हणत असल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षी मे महिन्यात ताजुद्दीन यांना अटक झाली आणि १९६९ च्या जनआंदोलनाने अयूबशाहीचा पाया खचेपर्यंत ते तुरुंगात राहिले.

डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या. स्त्रियांच्या राखीव जागा धरून ३१३ सभासदांच्या राष्ट्रसभेत तिचे १६७ सभासद झाले, म्हणजे साऱ्या पाकिस्तानात तिला बहुमत मिळाले. लोकशाहीच्या साध्या हिशेबाने मुजीब पाकिस्तानचे पंतप्रधान व्हावयास हवे होते. १ मार्च १९७१ रोजी याह्याखान यांनी राष्ट्रसभेची बैठक बेमुदत पुढे ढकलली आणि पूर्व बंगालमध्ये असहकार सुरू झाला. असहकार पुकारणे सोपे. तो चालविणे अवघड. बँका किती वेळ उघड्या राहाव्यात, पगार कसे वाटावेत, धान्याची वाहतूक कशी चालू ठेवावी, बंदरात कोणता माल उतरू द्यावा, यासंबंधी अवामी लीगने ३५ आज्ञा काढल्या आणि साऱ्या प्रांताने त्या पाळल्या. त्यांच्या मसुद्यामागे ताजुद्दीन आणि त्यांचे थोडे सहकारी होते. पुढे परक्या भूमीवरून जो कारभार करावयाचा होता, त्याची ही तीन आठवड्यांची तालीमच ठरली.

२५ मार्चच्या रात्री लष्कराने ढाक्यावर हल्ला चढविला. त्यापूर्वी ताजुद्दीन मुजीब यांच्या घरी गेले होते. नेत्याने भूमिगत व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. मुजीब यांनी घर सोडण्यास नकार दिला आणि त्या रात्रीच त्यांना पकडून नेण्यात आले. पर्यायी नेतृत्वाची कोणतीही स्पष्ट व्यवस्था त्यांनी लावून ठेवलेली नव्हती. ताजुद्दीन निराश आणि संतप्त मनाने घरी परतले आणि तेथूनही बाहेर पडले. पत्नी जोहरा आणि चार लहान मुले मागे राहिली. साडेसात कोटी लोकांत मिसळून जा, आपली भेट पुन्हा केव्हा होईल ते सांगता येत नाही, अशा आशयाची चिठ्ठी त्यांनी पत्नीला पाठविली. बॅरिस्टर अमीरुल इस्लाम यांच्यासह पायी, नावेने, मिळेल त्या वाहनाने मजल दरमजल करीत ते ३० मार्चला पश्चिम सरहद्दीवर चुआडांगाच्या बाजूस पोहोचले.

येथे जे घडले ते या माणसाचा स्वभाव सांगून जाते. जीव वाचविण्यासाठी आलेला कोणताही निर्वासित सरहद्द दिसताच ती ओलांडतो. ताजुद्दीन आणि अमीरुल एका मोरीवर बसून राहिले. बरोबरच्या स्थानिक अधिकाऱ्यांना पुढे पाठवून त्यांनी निरोप दिला की, स्वतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून सन्मानाने बोलाविले गेले तरच आपण पलीकडे येऊ. अंगावरचे मळके कपडे हीच ज्यांची मालमत्ता, त्यांनी ही अट घालावी, यात वरवर पाहता हट्ट दिसेल. परंतु आश्रित म्हणून प्रवेश केला असता तर पुढे प्रत्येक बोलणे आश्रिताचेच झाले असते, हे या वकिली शिस्तीच्या माणसाने ओळखले होते. सीमा सुरक्षा दलाचे पूर्व विभागाचे प्रमुख गोलोक मजुमदार यांनी त्यांना मानाने आणले आणि त्याच रात्री दलाचे महासंचालक के. एफ. रुस्तमजी यांची कलकत्त्यात त्यांच्याशी भेट झाली. रुस्तमजी नागपूरजवळील कामठीचे. या जबाबदार माणसाची किंमत त्यांना पहिल्याच भेटीत कळली आणि त्यांनी दिल्लीची वाट मोकळी केली.

दिल्लीत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इंदिरा गांधींची भेट ठरली. भेटीपूर्वी ताजुद्दीन यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. केवळ एका पक्षाचे सरचिटणीस म्हणून मदत मागावी, तर सहानुभूतीपलीकडे काही मिळणार नाही; सरकारचा प्रमुख म्हणून मागावी, तर ते सरकार अजून कोठे होते? सहकारी कोण जिवंत आहेत आणि कोठे आहेत, याचाही पत्ता नव्हता. अखेर त्यांनी निर्णय घेतला. मुजीब हे राष्ट्राध्यक्ष, पक्षाचे ज्येष्ठ नेते हे मंत्री आणि आपण पंतप्रधान, अशी मांडणी करून ते भेटीस गेले. या निर्णयाने बांगलादेशाच्या लढ्याला वेळेवर एक मुख मिळाले. परंतु त्याच निर्णयाने ताजुद्दीन यांच्या वाट्याला आयुष्यभराचा संशयही आला. नेता तुरुंगात असताना याने पंतप्रधानपद बळकावले, असे म्हणण्यास अनेकांना जागा मिळाली.

१० एप्रिल रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढण्यात आला. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळ वैद्यनाथतला येथील आमराईत, बांगलादेशाच्याच भूमीवर, मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. कलकत्त्यातील देशी-परदेशी पत्रकारांना कोठे जावयाचे ते न सांगताच मोटारींतून तेथे नेण्यात आले. १७५७ साली पलाशीच्या आमराईत बंगालचे स्वातंत्र्य गेले, ही आठवण त्या दिवशी साऱ्यांच्याच मनात होती. सय्यद नझरुल इस्लाम हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. मन्सूर अली, कमरुझ्झमान आणि खोंदकार मुश्ताक अहमद मंत्री झाले. कर्नल उस्मानी सरसेनापती झाले. ताजुद्दीन यांनी त्या जागेला मुजीबनगर असे नाव दिले. सरकार ओळखले गेले तेही याच नावाने. समारंभ आटोपला आणि काही तासांत ती आमराई पुन्हा ओस पडली. सरकार कलकत्त्यात परतले.

थिएटर रोडवरील आठ क्रमांकाची इमारत हे त्याचे मुख्य कार्यालय होते. ताजुद्दीन यांनी कचेरीला लागूनच्या खोलीत मुक्काम ठोकला. देश स्वतंत्र होईपर्यंत कौटुंबिक जीवन जगावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. पुढे कुटुंब सुखरूप कलकत्त्यास पोहोचले. ते शहराच्या दुसऱ्या भागात राहिले आणि पंतप्रधान कचेरीतच. स्वतःचे कपडे ते स्वतः धूत. याला कोणी साधेपणाचे प्रदर्शन म्हणू शकेल. पण सरहद्दीवरच्या छावण्यांत लाखो बंगाली चिखलात दिवस काढीत असताना त्यांच्या पंतप्रधानाने कसे राहावे, याचे हे त्यांनी दिलेले उत्तर होते. वर्षअखेरपर्यंत निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. या सरकारने त्या गोंधळातून खातेनिहाय सचिवालय उभे केले. पाकिस्तानी सेवेतून निघून आलेले अधिकारी, प्राध्यापक, कारकून यांना कामे नेमून दिली. जुलैत सेनाधिकाऱ्यांची परिषद घेऊन रणभूमीचे अकरा विभाग पाडले. स्वाधीन बांगला बेतार केंद्र हे नभोवाणी केंद्र कलकत्त्यातून नियमित चालू ठेवले. फायली येत होत्या, शेरे पडत होते, पगारपत्रके होत होती. लढाई रानावनात चालली होती हे खरे. परंतु लढणाऱ्याला आपण बंडखोर टोळीतले नसून एका राज्याचे सैनिक आहोत, ही जाणीव या फायलींनी दिली.

शत्रूशी लढणे त्यामानाने सोपे होते. ताजुद्दीन यांना अधिक झुंजावे लागले ते घरच्यांशी. शेख फजलुल हक मोनी या मुजीब यांच्या भाच्यासह काही युवक नेत्यांनी त्यांचे पंतप्रधानपद कधीच मनापासून मानले नाही. मुजीब यांचे खरे वारस आपण, अशी त्यांची धारणा होती. मुजीब वाहिनी नावाचे निराळे सशस्त्र दल त्यांनी उभे केले. त्याचे शिक्षण भारतीय यंत्रणेकडूनच होत होते, पण त्यावर बांगलादेश सरकारचा अधिकार चालत नव्हता. दिल्लीच्या एका हाताने ताजुद्दीन यांना बळ द्यावे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना शस्त्रे द्यावीत, ही विसंगती त्यांनी वारंवार निदर्शनास आणली. जुलैच्या प्रारंभी उत्तर बंगालमध्ये निर्वाचित प्रतिनिधींची बैठक झाली. तीत त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पण प्रतिनिधींचा विश्वास त्यांनी राखला. दुसरा धोका मंत्रिमंडळातच बसला होता. परराष्ट्रमंत्री मुश्ताक यांच्या गोटातून कलकत्त्यातील अमेरिकन वकिलातीशी गुप्त संधान बांधले गेले आणि पाकिस्तानच्या चौकटीत तडजोडीची चाचपणी सुरू झाली. मुजीब हवेत की स्वातंत्र्य, असा प्रश्न टाकून कार्यकर्त्यांची मने द्विधा करण्यात येत होती. स्वातंत्र्य मिळाल्याखेरीज मुजीबही सुटणार नाहीत, अशी ताजुद्दीन यांची ठाम भूमिका होती. मुश्ताक यांचे संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणे त्यांनी रोखले आणि हा डाव मोडला. मुश्ताक यांनी ते मनात ठेवले.

यजमानाशी वागतानाही हाच तोल त्यांनी सांभाळला. भारताखेरीज तरणोपाय नाही हे ते जाणत होते. पण भारताचे सैन्य बांगलादेशात येईल ते मित्राचे सैन्य म्हणून, एका मान्य सरकारच्या बरोबरीने, असा त्यांचा प्रयत्न होता. म्हणूनच मान्यतेसाठी इंदिरा गांधींना पुन्हा पुन्हा पत्रे गेली. युद्धास तोंड फुटल्यावर ६ डिसेंबरला ती मान्यता मिळाली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले आणि २२ डिसेंबरला मुजीबनगर सरकार मायदेशी परतले.

१० जानेवारी १९७२ रोजी मुजीब पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटून ढाक्यास आले. दोनच दिवसांनी ते पंतप्रधान झाले आणि ताजुद्दीन यांनी ते पद सोडून अर्थखाते स्वीकारले. जगाच्या इतिहासात युद्ध जिंकून परतलेला पंतप्रधान इतक्या सहजपणे पायउतार झाल्याची उदाहरणे फार थोडी असतील. आपल्याकडे भरताने सिंहासनावर पादुका ठेवल्या आणि स्वतः नंदिग्रामी राहून राज्य सांभाळले, ही कथा लहान मूलही जाणते. थिएटर रोडवरची ती खोली हे ताजुद्दीन यांचे नंदिग्रामच होते. परंतु रामकथेत परतलेला राम भरताला आलिंगन देतो आणि कोश, कोठारे, सैन्य यांचा वृत्तान्त भरत त्याला निवेदन करतो. ढाक्यात ते घडले नाही. या नऊ महिन्यांत काय काय झाले, हे मुजीब यांनी आपल्याला कधी विचारले नाही, ही खंत ताजुद्दीन यांनी जवळच्यांपाशी बोलून दाखविल्याच्या नोंदी आहेत. मुजीब यांच्या बाजूनेही पाहावयास हवे. ते एकांतकोठडीतून, मृत्युदंडाच्या छायेतून आले होते. ज्या युद्धाने आपल्याला राष्ट्रपिता केले, ते आपण पाहिले नाही, ही बोच त्यांच्या मनात असणे शक्य आहे. शिवाय कान भरणारे आप्त सतत भोवती होते. सरकार चालविणारा आणि नाव देणारा यांच्यात हिशेबाचे बोलणे कधी झालेच नाही, हे त्या नव्या राष्ट्राचे पहिले आणि मोठे नुकसान होय.

अर्थमंत्री म्हणून ताजुद्दीन फार यशस्वी झाले, असे म्हणता येणार नाही. मोडलेले पूल, रिकामा खजिना, घाईने राष्ट्रीयीकृत झालेल्या आणि अननुभवी हातांत पडलेल्या तागाच्या व कापडाच्या गिरण्या, तस्करी, यांतच १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या. अमेरिकन मदतीवाचून उभे राहण्याची त्यांची जिद्द होती. परिस्थितीपुढे तिला मुरड घालावी लागली. १९७४ च्या दुष्काळात सरकारी आकड्यानुसार सुमारे २७ हजार माणसे मेली. इतर अंदाज त्याच्या कैकपट आहेत. ताजुद्दीन यांनी सरकारचे दोष जाहीरपणे बोलून दाखविण्यास सुरुवात केली. २६ ऑक्टोबर १९७४ रोजी मुजीब यांनी त्यांचा राजीनामा मागितला आणि त्यांनी तो तत्काळ दिला. चार दिवसांनी किसिंजर ढाक्यात उतरले. या दोन घटनांचा संबंध तेव्हापासून जोडला जात आला आहे. या राजीनाम्यानंतर ताजुद्दीन यांनी गट केला नाही, नवा पक्ष काढला नाही. या मौनाला निष्ठा म्हणावयाचे की दुबळेपणा, याविषयी मतभेद होऊ शकतात. १९७५ च्या जानेवारीत घटनादुरुस्तीने एकपक्षीय राजवट आली, तेव्हा ताजुद्दीन तिच्यात कोठेच नव्हते. बदलाचे सनदशीर मार्ग बंद केले म्हणजे गोळीचा मार्ग तेवढा उरतो, अशी धोक्याची सूचना त्यांनी मुजीब यांना दिली होती, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवले आहे.

ती खरी ठरावयास सात महिने लागले. १५ ऑगस्ट १९७५ च्या पहाटे काही सेनाधिकाऱ्यांनी मुजीब आणि त्यांच्या कुटुंबीयांची हत्या केली. राष्ट्राध्यक्ष झाले ते खोंदकार मुश्ताक अहमद. मुजीबनगरच्या मंत्रिमंडळातील इतर चौघांना मात्र कैद झाली. ताजुद्दीन यांना २२ ऑगस्टला अटक करून ढाका मध्यवर्ती तुरुंगात ठेवण्यात आले. सेनेतच प्रतिउठाव होत असताना, ३ नोव्हेंबरच्या रात्री, सशस्त्र सैनिक तुरुंगाच्या दाराशी आले. त्यांना आत सोडण्याविषयीचे आदेश राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातून दूरध्वनीवर आले. नझरुल इस्लाम, ताजुद्दीन अहमद, मन्सूर अली आणि कमरुझ्झमान या चौघांना एका कोठडीत आणून गोळ्या घालण्यात आल्या. ताजुद्दीन यांचे वय पन्नास होते. ज्या तुरुंगात परक्या राजवटीने त्यांना अनेकदा डांबले आणि जिवंत सोडले, तेथेच स्वकीय राजवटीत त्यांचा अंत झाला. खटल्याचा निकाल लागण्यास २००४ साल उजाडावे लागले.

पुढे बांगलादेशात ज्याने त्याने आपापल्या सोयीचा इतिहास लिहिला. एकाने १९७१ चा सारा लढा एकट्या मुजीब यांच्या नावे मांडला, दुसऱ्याने सेनाधिकाऱ्यांच्या. राजवट बदलली की पाठ्यपुस्तके बदलली. या ओढाताणीत थिएटर रोडवरच्या कचेरीला जागा उरली नाही. कारण तिच्या प्रमुखाने आपल्या नावाची छाप कोठे उमटू नये याची काळजी घेतली होती. राष्ट्रे ज्यांच्या आरोळीने जागी होतात, त्यांचे पुतळे उभे राहतात आणि ते योग्यही आहे. परंतु जाग आलेले राष्ट्र दुसऱ्या दिवशी सकाळी चालू राहते ते फाईल उघडून बसणाऱ्यांमुळे. सत्ता मिळविणाऱ्यांची आणि गमावणाऱ्यांची चरित्रे पुष्कळ आहेत. ती ठेव म्हणून घेतलेल्या आणि मागताच परत दिलेल्या माणसाची चरित्रे विरळा आढळतात. ताजुद्दीन यांना जी दोन पदे मिळाली, ती दोन्ही त्यांनी एका शब्दावर सोडली. ज्यांना ती सोडता आली नाहीत, त्यांच्या हातून त्या देशाचे काय झाले, हे पाहिले म्हणजे या एका गुणाची किंमत कळते.